'इंटँजिबल'ला मराठीत काय म्हणावं: अमूर्त, अतींद्रिय, अस्पर्श की आणखी काही?

ओळीमधली

नमस्कार मंडळी,

व्हायोलिन घडवण्याच्या कलेवरच्या एका प्रदर्शनाचा मजकूर सध्या मी मराठीत आणते आहे. भिंतीवरचे फलक, काचेच्या कपाटांमधल्या वाद्यांजवळच्या पट्ट्या आणि शेवटच्या दालनातल्या चित्रांखालच्या टिपा, एवढंच काम. मजकूर मोठा नाही, पण एक शब्द जागोजागी येतो आणि प्रत्येक वेळी वेगळंच काही मागतो. तो शब्द म्हणजे 'इंटँजिबल'.

वाक्यं साधारण अशी आहेत.

पहिलं वाक्य: इटलीतल्या क्रेमोना शहरातली व्हायोलिन घडवण्याची पारंपरिक कारागिरी २०१२ साली युनेस्कोच्या इंटँजिबल सांस्कृतिक वारशाच्या यादीत आली.

दुसरं: वाद्य घडवणाऱ्या घराण्याचं नाव हीच त्या कार्यशाळेची सर्वांत मोठी इंटँजिबल ॲसेट असते.

तिसरं: जुन्या वाद्याच्या स्वरात काहीतरी इंटँजिबल असतं, म्हणून वादक त्याच्याकडे ओढला जातो.

शेवटच्या दालनात 'ॲबस्ट्रॅक्ट' चित्रं आहेत. त्यांनाही मराठीत आपण अमूर्तच म्हणतो. म्हणजे एकाच भिंतीवर 'अमूर्त वारसा', 'अमूर्त मालमत्ता', 'अमूर्त चित्र' आणि 'स्वरातलं अमूर्त काहीतरी'. पहिल्या दालनात समजलेला शब्द चौथ्या दालनात वाचणाऱ्याला दगा देईल, अशी मला काळजी वाटते. मजकूर तपासणाऱ्यांचं म्हणणं वेगळं आहे. टँजिबल म्हणजे स्पर्श करता येण्याजोगं, तेव्हा सरळ 'अस्पर्श्य' लिहा, असं त्यांनी सुचवलंय. तो शब्द मला लिहवत नाही. पण 'लिहवत नाही' हे काही कारण झालं नाही. त्यांना पटेल असं कारण द्यायला हवं.

दुसरं म्हणजे, प्रदर्शनाला शाळकरी मुलं येणार आहेत. 'हात लावता येत नाही ते अमूर्त' अशी व्याख्या फलकावर द्यावी का?

जमाखर्च

ताई, मी वाणिज्य शाखेला हिशेबशास्त्र मराठीतून शिकवत आलोय, म्हणून तुमच्या दुसऱ्या वाक्यापासून सुरू करतो. बाकीच्या वाक्यांवर इथले जाणकार बोलतीलच.

हिशेबात 'अमूर्त मालमत्ता' ही संज्ञा पक्की आहे, ती बदलू नका. पण तिची व्याख्या स्पर्शावर उभी नाही, हे तुमच्या तपासणाऱ्यांना जरूर सांगा. आंतरराष्ट्रीय लेखामानक ३८ यासाठीच आहे. त्यात तीन अटी एकत्र येतात: मालमत्तेला भौतिक रूप नसावं, ती वेगळी ओळखता यावी आणि ती मौद्रिक नसावी. यातली तिसरी अट विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त चकवते. बँकेतल्या शिलकीला हात लावता येत नाही, गिऱ्हाइकाकडून येणं असलेल्या रकमेलाही नाही. तरी ही दोन्ही अमूर्त मालमत्तेत बसत नाहीत, कारण ती ठरावीक पैशांच्या रूपात मिळायची असतात. स्पर्श हीच कसोटी असती, तर अर्धा ताळेबंद अमूर्त ठरला असता.

उलट बाजूही बघा. एखादं यंत्र ज्या संगणक प्रणालीशिवाय चालूच शकत नाही, ती प्रणाली हिशेबात त्या यंत्राचाच भाग धरली जाते, म्हणजे मूर्त मालमत्तेत जाते. तीच प्रणाली स्वतंत्रपणे विकत घेतली तर अमूर्त. दोन्ही ठिकाणी ती बोटाला सारखीच लागत नाही. चित्रपटाची तबकडी हातात धरता येते, पण तिच्यात किंमत असते ती चित्रपटाची. मग मानक विचारतं की या दोहोंतलं महत्त्वाचं काय, आणि त्यावरून वर्ग ठरवतं.

आता घराण्याचं नाव. इथे तुमच्या मूळ मजकुरातच गडबड आहे. एखाद्या कार्यशाळेनं पिढ्यान् पिढ्या चांगली वाद्यं घडवून जे नाव कमावलं, ते तिच्या स्वतःच्या ताळेबंदात येत नाही. स्वतः उभारलेली नाममुद्रा (ब्रँड), वर्तमानपत्राचं शीर्षनाम, ग्राहकांच्या याद्या या गोष्टी मालमत्ता म्हणून दाखवायला लेखामानक ३८ स्पष्ट मनाई करतं. कारण त्यावर झालेला खर्च एकूण धंद्यावरच्या खर्चापासून निराळा काढता येत नाही. उद्या दुसऱ्या कुणी ती कार्यशाळा विकत घेतली, तर मात्र तेच नाव घेणाऱ्याच्या वह्यांमध्ये रकमेसह उमटतं, आणि वेगळं न ओळखता येणारं जे उरतं ते ख्याती (गुडविल) म्हणून लागतं. नाव तेच, पण स्वतः कमावलं तर वहीत नाही आणि विकत घेतलं तर वहीत. मला हा भाग शिकवायला फार आवडतो.

म्हणून तुमच्या फलकावर 'अमूर्त मालमत्ता' लिहिलं तर हिशेब जाणणारा वाचक थबकेल. तिथे लेखक हिशेबाची संज्ञा वापरत नाहीये, बोलण्याच्या ओघात बोलतोय. 'घराण्याचं नाव हीच त्या कार्यशाळेची सर्वांत मोठी पुंजी' असं लिहा. काही सुटत नाही.

आणखी एक गोष्ट, विषय निघालाच आहे म्हणून. यंत्राच्या घटत्या किमतीला आपण घसारा म्हणतो. घासून झिजण्याची कल्पना त्या शब्दातच आहे. पेटंट झिजत नाही, त्याची मुदत संपते. म्हणून त्याची किंमत 'घसरली' किंवा 'झिजली' असं न लिहिता ती टप्प्याटप्प्यानं खर्ची टाकली, असं मी मुलांकडून लिहवून घेतो. मूर्त आणि अमूर्त यांतला फरक व्याख्येपेक्षा या एका क्रियापदातून लवकर समजतो.

दस्त

वरच्यांना जोडून कायद्याच्या बाजूचं थोडं.

'स्पर्श करता येतो की नाही' या कसोटीवर वस्तूंचे दोन वर्ग पाडण्याची रीत जुनी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला रोमन कायदेपंडित गायस वस्तूंची विभागणी नेमकी अशीच करतो. जमीन, वस्त्र, सोनं, चांदी यांना हात लावता येतो. वारसा, उपभोगाचा हक्क, करारातून आलेलं देणं-घेणं यांना लावता येत नाही. म्हणजे तुमच्या तपासणाऱ्यांची स्पर्शाची कसोटी काही हवेतून आलेली नाही.

पण गायस तिथेच एक खुलासा करतो, आणि तो तुमच्या पहिल्या वाक्याला थेट लागू पडतो. वारशात शेतं असतील, दागिने असतील, या सगळ्यांना हात लावता येत असेल. तरी वारसा हा हक्क स्पर्शापलीकडचाच राहतो. शेजाऱ्याच्या जमिनीतून जाण्यायेण्याच्या हक्काचंही तेच. वाट पायाखाली असते, पण हक्क वाटेत पडलेला नसतो.

युनेस्कोच्या २००३ च्या करारातही हेच दिसतं. त्यातल्या व्याख्येत प्रथा, सादरीकरणं, ज्ञान आणि कौशल्यं तर आहेतच, पण त्यांच्याशी निगडित साधनं, वस्तू आणि जागा यांचाही उल्लेख आहे. म्हणजे 'अमूर्त वारसा' म्हटला तरी त्यात हातात धरता येणाऱ्या वस्तू आहेत. २०१४ साली पंजाबमधल्या जंडियाला गुरू इथल्या ठठेऱ्यांची पितळी-तांब्याची भांडी घडवण्याची कला याच यादीत आली. भांडं मूर्त आहे. यादीत गेली ती ठोकण्याची, तापवण्याची, घडवण्याची कला. क्रेमोनाच्या व्हायोलिनचंही तसंच. तुम्ही 'हात लावता येत नाही ते अमूर्त' असं लिहिलं आणि शेजारच्या कपाटात व्हायोलिन ठेवलं, तर एखादी चुणचुणीत मुलगी लगेच विचारेल की मग हे इथे कसं. तिला फलकावरच उत्तर मिळायला हवं.

पदकृत्य

तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर त्यातच होतो. मी संस्कृत आणि न्यायशास्त्राचा, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्राचा, विद्यार्थी, त्यामुळे लांबण लागेल. त्याबद्दल कुणी रागावू नये.

आधी 'मूर्त' या शब्दाकडे पाहू. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं स्पर्शाचं क्रियापद आहे. गणितातली 'टँजंट' त्याच कुळातली, म्हणून आपण तिला स्पर्शिका म्हणतो. पूर्णांकाला इंग्रजीत जो शब्द आहे तोही त्याच मुळाचा: ज्याला हात लागलेला नाही, म्हणून जे अखंड आहे. आपला 'मूर्त' मात्र त्या कुळातला नाही. तो 'मूर्च्छ्' धातूचं रूप आहे. या धातूचा अर्थ घट्ट होणं, थिजणं, आकार धरणं असा आहे. बेशुद्ध पडण्याचा अर्थही त्याच धातूचा, आणि गाण्यातली मूर्च्छनाही तिथलीच. म्हणजे मूर्त ते, जे थिजून एका आकाराला आलं आहे. अमूर्त ते, जे तसं थिजलेलं नाही. इंग्रजी शब्द हाताला विचारतो, आपला शब्द वस्तूला विचारतो. म्हणून 'टँजिबल म्हणजे स्पर्श, तर मराठीतही स्पर्शच हवा' हा हट्ट मला मान्य नाही. त्यांच्या भाषेनं एका दारातून प्रवेश केला, आपल्या भाषेनं दुसऱ्या.

बरं, आपल्याकडे तरी या शब्दाची सीमा एकदाच आखली गेली का? नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. बृहदारण्यक उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात ब्रह्माची दोन रूपं सांगितली आहेत, मूर्त आणि अमूर्त. तिथे वायू आणि अंतरिक्ष ही अमूर्त, बाकी सगळं मूर्त. न्याय आणि वैशेषिक या दर्शनांच्या पंडितांकडे या, तर वायू मूर्ताच्या यादीत सापडतो. त्यांची कसोटी निराळी आहे: ज्याचं परिमाण मर्यादित, ज्याच्यात हालचाल संभवते, ते मूर्त. त्यानुसार पृथ्वी, जल, तेज, वायू आणि मन ही पाच मूर्त द्रव्यं. आकाश, काल, दिशा आणि आत्मा ही सर्वव्यापी, म्हणून अमूर्त. मन या यादीत पाहून आजचा वाचक दचकतो. पण त्यांच्या मते मन अणूएवढं आहे आणि ते एका इंद्रियाकडून दुसऱ्याकडे हलतं, म्हणून ते मूर्त. त्याला कुणीही कधी हात लावलेला नाही, लावता येणारही नाही.

स्पर्शाचा विचार ही मंडळी स्वतंत्रपणे करतात. तर्कसंग्रह या त्यांच्या पाठ्यग्रंथात वायूचं लक्षण दिलंय ते 'रूपरहितः स्पर्शवान्', म्हणजे ज्याला रूप नाही पण स्पर्श आहे. डोळ्याला न दिसणारं आणि तरी कातडीला कळणारं. उलट इंद्रधनुष्य दिसतं, पण हाताला लागत नाही. दिसणं, लागणं आणि आकार असणं ही तीन वेगळी खाती आहेत. आपण बोलण्याच्या ओघात ती एकत्र करतो आणि मग शब्द अडतो.

जैन दर्शनात आणखी निराळी मांडणी आहे. तत्त्वार्थसूत्राप्रमाणे स्पर्श, रस, गंध आणि वर्ण हे ज्याला आहेत ते पुद्गल, म्हणजे जडद्रव्य, आणि तेवढंच मूर्त. तिथे शब्दही, म्हणजे ध्वनीही, पुद्गलाचाच परिणाम, म्हणून मूर्त. नैयायिकांकडे, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांकडे, शब्द हा आकाशाचा गुण, आणि आकाश अमूर्त. तुमच्या प्रदर्शनातला व्हायोलिनचा स्वर जैन पंडिताला मूर्त वाटेल आणि नैयायिक तो अमूर्त आकाशाच्या खात्यात टाकेल. दोघांनी आपापली कसोटी आधी सांगून ठेवलेली आहे, म्हणून वाद स्वच्छ होतो. तुमच्या फलकांनीही तेवढंच करावं.

आता 'अतींद्रिय'. हा शब्द मला फार प्रिय आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात सुखाला 'बुद्धिग्राह्यमतीन्द्रियम्' म्हटलंय. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात तर त्याहून पुढची प्रतिज्ञा आहे: 'अतींद्रिय परि भोगवीन । इंद्रियांकरवीं'. इंद्रियांच्या पलीकडचं असलं तरी ते इंद्रियांकडूनच भोगायला लावीन. शब्दाचं सामर्थ्य यापेक्षा जास्त कुणी मागितलेलं मला ठाऊक नाही. पण म्हणूनच हा शब्द तुमच्या तिसऱ्या वाक्यात वापरू नका. स्वर कानाला ऐकू येतो. जे ऐकू येतं ते इंद्रियांच्या पलीकडे कसं असेल? 'अगोचर'ही त्याच कारणानं नको. गोचर म्हणजे इंद्रियांच्या टप्प्यातलं, आणि स्वर टप्प्यातच आहे. त्या स्वरातलं नेमकं काय आवडलं ते सांगता येत नाही, एवढंच लेखकाला म्हणायचंय. त्यासाठी मराठीत घरचं बोलणं आहे: 'नेमकं बोट ठेवता येत नाही असं काहीतरी'. किंवा 'शब्दांच्या चिमटीत न येणारं'. बोट आणि चिमूट दोन्ही इथे आहेत, म्हणजे स्पर्शाची कल्पना हवी असेल तर तीही आपसूक आली.

राहिला 'अस्पर्श्य'. 'अस्पर्श' हा शब्द परंपरेत आहे. कठोपनिषदात 'अशब्दमस्पर्शमरूपमव्ययम्' असं येतं, आणि अद्वैत वेदान्ताचे आचार्य गौडपाद यांच्या कारिकांमध्ये 'अस्पर्शयोग' आहे. पण तो परमतत्त्वापुरता, आणि तिथेच राहावा. 'अस्पर्श्य'चं तसं नाही. तो वाचताना प्रत्येक मराठी वाचकाला 'अस्पृश्य' ऐकू येणार. त्या शब्दानं माणसांना पाण्यापासून, देवळापासून, शाळेपासून दूर ठेवलं. १९२७ साली महाडच्या तळ्यावर जे घडलं ते या शब्दाविरुद्धच घडलं, आणि संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदानं ती प्रथा नष्ट केली. व्याकरणानं शब्द बरोबर निघतो, म्हणून तो कारागिरीच्या गौरवाच्या फलकावर लावायचा? माझा ठाम विरोध आहे. तुमच्या तपासणाऱ्यांना हेच कारण द्या. 'लिहवत नाही' या तुमच्या शब्दांत ते आधीपासूनच होतं.

सुटसुटीत

इतकी चर्चा वाचून एक साधा उपाय सुचला. 'अमूर्त' हा शब्द चित्रांसाठी राखून ठेवा आणि वारशासाठी 'अभौतिक' वापरा. समाजशास्त्रात भौतिक संस्कृती आणि अभौतिक संस्कृती अशी जोडी आहेच: अवजारं, घरं, यंत्रं एकीकडे आणि श्रद्धा, नियम, भाषा दुसरीकडे. मुलांना पुढे पाठ्यपुस्तकात तेच शब्द भेटतील. गोंधळच संपला.

पदकृत्य

सुटसुटीत, समाजशास्त्रातली जोडी तिथे ठीकच आहे, ती मोडू नये. पण 'अमूर्त' आणि 'अभौतिक' एकमेकांच्या जागी ठेवता येतात हे मला मान्य नाही. भौतिक म्हणजे भूतांपासूनचं, आणि आकाश हे पंचमहाभूतांतलं एक. म्हणजे आकाश भूत आहे पण मूर्त नाही. मन मूर्त आहे पण भूत नाही. पृथ्वी, जल, तेज आणि वायू दोन्ही आहेत. या दोन कल्पना एकमेकींना अशा छेदतात की, 'जातींचा संकर' (इथे जाती म्हणजे वस्तूंचे वर्ग; दोन वर्ग एकमेकांत अर्धवट मिसळणं) कसा होतो ते दाखवायला नैयायिक हेच उदाहरण देत आले आहेत.

हे शास्त्रातलं झालं. व्यवहारातलं कारण त्याहून सोपं आहे. 'अमूर्त सांस्कृतिक वारसा' ही संज्ञा बातम्यांत, सरकारी कागदांत, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत रुळलेली आहे. तुमच्या फलकावरून घरी गेलेल्या मुलानं तो विषय शोधायचं ठरवलं, तर त्याला याच शब्दानं सापडेल. त्याच्या हातातला दोरा आपण का तोडायचा?

रंगरेषा

मी चित्रकार आहे, आणि खरं सांगायचं तर अडचण आमच्या बाजूला जास्त आहे. 'अमूर्त चित्र' हा शब्दप्रयोग मला कधीच पुरता पटला नाही. कॅनव्हास ताणलेला असतो, रंगाचे थर असतात, काही ठिकाणी थर इतका जाड असतो की सावली पडते. हाताला लागेल असं सगळं त्यात असतं. नसते ती ओळखता येणारी वस्तू: माणूस नाही, झाड नाही, टेबल नाही. म्हणून 'ॲबस्ट्रॅक्ट' आणि 'इंटँजिबल' या दोन्हींना एकच मराठी शब्द मिळाला, तरी त्यांचं म्हणणं एक नाही. पहिल्यात वस्तूपासून काहीतरी बाजूला काढून घेतलेलं असतं, दुसऱ्यात वस्तूच नसते.

चित्रकार वासुदेव गायतोंडे स्वतःच्या कामाला ॲबस्ट्रॅक्ट म्हणणं पसंत करत नसत. त्यांना 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' हा शब्द जवळचा वाटे. मराठीत त्याला 'वस्तुनिरपेक्ष' म्हणता येईल. त्यांची चित्रं प्रत्यक्ष पाहिली की हा आग्रह कळतो. रोलर आणि रंगसुरी वापरून ते रंग चढवत आणि काढत, आणि त्यातून पृष्ठभागाला जी खोली येते ती कुठल्या वस्तूची आठवण नसते. ते चित्र कशाचं अमूर्तीकरण नाही. ते जे आहे ते तिथेच आहे.

ओळीमधली, तुमच्या शेवटच्या दालनातली चित्रं व्हायोलिनचे आकार मोडून, साधे करून काढलेली आहेत का? तसं असेल तर 'अमूर्त' शोभेल, कारण तिथे वस्तूपासून सुरुवात झालेली आहे. वाद्याशी काही नातंच नसलेले नुसते रंग आणि रेषा असतील तर 'वस्तुनिरपेक्ष' लिहा. दालनात दोन्ही प्रकार असले तर दोन्ही शब्द लिहा. पाहणाऱ्याला तो भेद आवडतो, असा माझा अनुभव आहे. फक्त त्याला सांगायला हवं की हा भेद आहे.

आणि तुमच्या तिसऱ्या वाक्याबद्दल थोडं, कारण वाद्यांबद्दल वाचायला मला आवडतं. 'जुन्या वाद्याच्या स्वरात काहीतरी असतं' हे विधान फलकावर तसंच सोडू नका. २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दहा नामवंत एकल वादकांना बारा व्हायोलिनं दिली होती: सहा जुनी इटालियन, त्यांत क्रेमोनाच्या स्ट्रॅडिव्हरी या जुन्या नामवंत कारागिराची वाद्यंही, आणि सहा नवी. वाद्य ओळखता येऊ नये म्हणून प्रकाश अडवणारे चष्मे घातले होते. त्यांतल्या सहांनी नवं वाद्य पसंत केलं, आणि जुनं कोणतं नवं कोणतं हे त्यांना भरवशानं सांगता आलं नाही. म्हणजे ते 'काहीतरी' स्वरात आहे की वाद्याच्या नावात, वयात, हातात घेताना मनात येणाऱ्या आदरात, हे अजून उघडं आहे. 'अनेक वादकांना जाणवतं' एवढं जोडलं की वाक्य खरं होईल.

ओळीमधली

सगळ्यांचे मनापासून आभार. आजचा दिवस फलकांवरच घालवला. सध्याचा मजकूर असा:

'क्रेमोनाची व्हायोलिन घडवण्याची पारंपरिक कारागिरी २०१२ साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आली. समोरचं वाद्य मूर्त आहे. अमूर्त आहे ते लाकूड निवडणं, तासणं, त्यावर कान ठेवून ते किती पातळ करायचं ते ठरवणं, आणि हे सगळं गुरूकडून शिष्याकडे जाणं.'

'घराण्याचं नाव हीच त्या कार्यशाळेची सर्वांत मोठी पुंजी.'

'जुन्या वाद्याच्या स्वरात नेमकं बोट ठेवता येत नाही असं काहीतरी अनेक वादकांना जाणवतं.' त्या प्रयोगाची माहिती खाली लहान अक्षरांत द्यावी, असं मी सुचवलं आहे.

चित्रांचं म्हणाल तर रंगरेषांनी विचारल्याप्रमाणे दोन्ही प्रकार आहेत, त्यामुळे दोन्ही शब्द येतील.

'अस्पर्श्य'बद्दल पदकृत्यांनी लिहिलेलं मी जसंच्या तसं कळवलं. तो शब्द आता मजकुरात नाही.

एकच उरलं. शाळेत 'भाववाचक नाम' शिकवताना मुलांना सांगतात की हात लावता येत नाही, पाहता येत नाही ते भाववाचक. मुलं तीच व्याख्या घेऊन येतील. ती दुरुस्त करायला फलकावर जागा नाही, पण मार्गदर्शकांना देण्याच्या टिपेत दोन ओळी टाकता येतील. काय लिहू?

जमाखर्च

हे मी घेतो, घरात व्याकरण शिकवणारी बहीण आहे. तिच्या मते व्याकरणातली व्याख्या गुण, धर्म किंवा भाव यांच्याबद्दल आहे, स्पर्शाबद्दल नाही. हात लावण्याची गोष्ट समजावण्यासाठी जोडलेली, आणि ती लवकरच तुटते. 'गारवा' आणि 'ओलावा' ही दोन्ही भाववाचक नामं आहेत, आणि दोन्ही कळतात ती कातडीलाच. 'सावली' हातात येत नाही, तरी ते सामान्यनाम. मार्गदर्शकांना सांगा, मुलांपुढे हे तीन शब्द ठेवा आणि वर्ग त्यांनाच पाडू द्या. वाद होईल, होऊ द्या.

पदकृत्य

'खरखरीतपणा' पण घाला. वाद्याच्या कपाटाशेजारी न रंगवलेल्या लाकडाचा तुकडा ठेवणार असाल तर मुलांना त्याला हात लावू द्या आणि मग विचारा: हाताला लागलं ते लाकूड की खरखरीतपणा? नैयायिक सांगतील की दोन्ही, आणि त्यांच्या मते गुण द्रव्याला सोडून राहत नाही. मुलं काय सांगतात ते इथे जरूर कळवा.